फुगा फुगला नाही

जुलै २००० मधल्या एका रात्री कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून एक क्षेपणास्त्र प्रशांत महासागराच्या दिशेने सुटलं आणि ते पाडण्यासाठी सुमारे सात हजार किलोमीटरवरच्या मार्शल बेटांमधल्या क्वाजालीनवरून दुसरं निघालं. दोन्ही अमेरिकेचीच. एकाने शत्रूचं सोंग घ्यायचं, दुसऱ्याने देश वाचवायचा. खर्च सुमारे दहा कोटी डॉलर. वाचवणाऱ्या क्षेपणास्त्राच्या टोकाशी एक छोटं यान असतं. अंतराळात पोचल्यावर ते सुटं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी शिकार शोधतं आणि तिच्यावर जाऊन आदळतं. त्या रात्री ते यान सुटंच झालं नाही. बातमी जगभर छापून आली, क्षेपणास्त्र-संरक्षणाचे समर्थक खट्टू झाले, विरोधकांना उकळ्या फुटल्या. पण त्याच रात्री आणखी एक गोष्ट बिघडली होती आणि तिच्या वाट्याला बातमीतली तळाची एखादी ओळ आली. शत्रूच्या क्षेपणास्त्रातून बॉम्बच्या प्रतिकृतीसोबत, बचाव करणाऱ्याला चकवायला, एक फुगा बाहेर पडायचा होता. तो फुगा फुगला नाही. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटत नाही आणि फलंदाजाला बॅट सापडत नाही, अशा सामन्यावरून संघाची विश्वचषकाची तयारी जोखायची झाली, तर निवड समितीला जरा जड जाईल. इथे कुणालाच जड गेलं नाही.

वाचकांना वाटेल, एवढ्या मोठ्या विषयात फुगा कशाला धरून बसायचं? तर त्याचं कारण शाळेच्या भौतिकशास्त्रात आहे. खंड ओलांडणारं क्षेपणास्त्र सुमारे तीस मिनिटं उडतं आणि त्यातली वीसेक मिनिटं वातावरणाच्या बाहेर काढतं. तिथे हवा नाही. हवा नाही म्हणजे पीस आणि दगड एकाच वेगाने पडतात, हा पाठ आपण सर्वांनी घोकलेला आहे. काहीशे किलोंचा अणुबॉम्ब आणि काही किलोंचा चमकदार पापुद्र्याचा फुगा एकदा क्षेपणास्त्रातून सुटले की शेजारी शेजारी, सख्ख्या भावांसारखे चालत राहतात. रडारला दोन ठिपके दिसतात, उष्णतेवर चालणाऱ्या डोळ्याला दोन ऊबदार गोळे दिसतात. दोनच का? फुगे हलके असतात, डझनभर मावतात. आणि खरी गंमत पुढे आहे. बॉम्बसारखा दिसणारा फुगा बनवण्याची यातायात करण्यापेक्षा बॉम्बलाच एका फुग्यात घालावं, म्हणजे तोही फुग्यासारखा दिसेल. मग बचाव करणाऱ्याला वीस फुगे दिसतात, त्यांतल्या एकात लाडू आणि एकोणीस रिकामे. ताशी चोवीस हजार किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने एकमेकांकडे येताना कोणत्या फुग्यात लाडू आहे, हे ओळखायचं. गोळीने गोळी टिपण्याची उपमा समर्थकांना फार प्रिय आहे आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. गोळीने गोळी टिपता येते, हे त्यांनी अनेकदा करून दाखवलं आहे. पण कोणती गोळी टिपायची, हा प्रश्न त्या उपमेत येतच नाही. उपमा बहुधा त्यासाठीच निवडलेली असावी.

आता हा प्रश्न अभियंत्यांना माहीत नव्हता असं मुळीच नाही. १९९७ आणि १९९८ मध्ये यानाला नुसतं बघायला पाठवलं होतं, आदळायचं नव्हतं. तेव्हा त्याच्यासमोर दहा वस्तू ठेवल्या होत्या, एक बॉम्बची प्रतिकृती आणि नऊ बनावट. मग आदळायची वेळ आली, परीक्षा खरी झाली, आणि नऊ बनावटांचा झाला एक. परीक्षा जसजशी जवळ येते तसतसा अभ्यासक्रम कमी होतो, हा नियम केवळ आपल्याच परीक्षा मंडळांचा आहे असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. जो एक फुगा उरला तो दोन मीटरांहून मोठा आणि बॉम्बच्या प्रतिकृतीपेक्षा कितीतरी जास्त चमकणारा. म्हणजे लग्नात नवरा ओळखा, असं सांगायचं आणि शेजारी हत्ती उभा करायचा. ऑक्टोबर १९९९ च्या पहिल्या खऱ्या चाचणीत तर याहून बहार झाली. यान सुरुवातीला भरकटलं, त्याला आधी फुगाच दिसला, आणि फुग्याच्या आसपास शोधता शोधता प्रतिकृती सापडली. चाचणी यशस्वी जाहीर झाली. चकवायला पाठवलेल्या फुग्याने वाटाड्याचं काम केलं, हे काही महिन्यांनी कळलं. फुग्याचा सत्कार झाल्याचं वाचनात नाही.

इथे समर्थकांचा पहिला आक्षेप येतो. ते म्हणतात, ही व्यवस्था रशियासाठी नाहीच. ती आहे उत्तर कोरियासारख्या छोट्या, मागासलेल्या, चक्रम देशांसाठी, आणि त्यांना असले चकवे जमणार नाहीत. युक्तिवाद नीट ऐका. दहा हजार किलोमीटर जाणारं क्षेपणास्त्र त्यांना जमेल, त्याच्या टोकावर बसेल एवढा लहान अणुबॉम्ब जमेल, तो बॉम्ब वातावरणात परतताना जळणार नाही असं कवच जमेल. फक्त फुगा जमणार नाही. तिथे त्यांचं विज्ञान हात टेकेल. १९९९ मध्ये खुद्द अमेरिकेच्या सरकारी अंदाजात लिहिलं होतं की जो देश अशी क्षेपणास्त्रं उडवण्यापर्यंत पोचेल, तो साधे चकवेही तोवर तयार ठेवू शकेल. पण अंदाज फायलीत राहतात आणि आत्मविश्वास भाषणात. पुढे २०२४ च्या मे महिन्यापासून उत्तर कोरियाने या वादावर स्वतःहून पडदा टाकला. त्याने दक्षिण कोरियावर फुगे सोडायला सुरुवात केली. एक-दोन नव्हे, काही महिन्यांत हजारो. त्यांना खाली पिशव्या बांधलेल्या आणि पिशव्यांत कचरा: कागदाचे कपटे, चिंध्या, सिगारेटची थोटकं. राजधानी सोलच्या ऐन मध्यात, सर्वांत कडक पहाऱ्याच्या आवारातही त्यांतले काही उतरले. ज्या देशाला फुगा जमणार नाही या गृहीतकावर चाळीस अब्ज डॉलरहून मोठी इमारत उभी आहे, त्या देशाने फुगा हाच आपला कुटीरोद्योग असल्याचं जगाला दाखवून दिलं. अंतराळातला फुगा आणि वाऱ्यावरचा फुगा यांत फरक असतो, हे मला मान्य आहे. अंतराळातला सोपा असतो. तिथे वारा नसतो. आणि फुग्यांचा विषय निघालाच आहे तर २०२३ आठवा. जानेवारीच्या अखेरीस एक चिनी फुगा अलास्कावरून अमेरिकेच्या आकाशात शिरला. अलास्का म्हणजे जिथे या संरक्षणाची बहुसंख्य क्षेपणास्त्रं जमिनीत गाडून ठेवलेली आहेत तेच राज्य. फुगा सुमारे साठ मीटर उंच, चाल बैलगाडीची नसली तरी वाऱ्याची. तो मोंटानावरून, म्हणजे अमेरिकेच्या स्वतःच्या अण्वस्त्रांच्या अंगणावरून, निवांत तरंगत गेला, लोकांनी खालून फोटो काढले, आणि ४ फेब्रुवारीला तो पूर्व किनारा ओलांडून समुद्रावर गेल्यावर लढाऊ विमानाने क्षेपणास्त्र मारून पाडला. उशिराचं कारण पटण्यासारखं होतं. अवशेष लोकांच्या डोक्यावर पडू नयेत. पुढच्या आठवड्यात आणखी तीन अनोळखी वस्तू पाडल्या गेल्या. त्यांतल्या ह्युरॉन सरोवरावरच्या वस्तूला मारलेलं पहिलं क्षेपणास्त्र चुकलं. दिवसाढवळ्या, वैमानिकाच्या डोळ्यांसमोर, जवळजवळ थांबलेल्या वस्तूवर नेम चुकतो हे समजण्यासारखं आहे, माणूस आहे, यंत्र आहे, होतं असं. पण मग अंतराळातल्या वीस फुग्यांबद्दल बोलताना आवाज थोडा खाली आणायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं. फाटकी छत्रीसुद्धा डोकं कोरडं ठेवते. तर छत्रीचा हिशेब करू. २०१७ च्या अखेरीस अलास्का आणि कॅलिफोर्निया मिळून ४४ क्षेपणास्त्रं तैनात झाली. वीसेक चाचण्यांपैकी निम्म्याहून थोड्याच अधिक साधल्या आहेत, म्हणून एका हल्लेखोरामागे चार सोडावीत असा साधारण बेत सांगितला जातो. म्हणजे चव्वेचाळीसांत अकरा हल्लेखोर आणि बाराव्याला सलाम. एकाचा नेम लागण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त धरली तर चौघांपैकी एकाचा तरी लागण्याची शक्यता कागदावर पंच्याण्णव टक्क्यांच्या पुढे जाते, आणि हाच आकडा भाषणात वापरला जातो. गणित बरोबर आहे. अट एवढीच की चौघांच्या चुका एकमेकांपासून वेगळ्या असल्या पाहिजेत. एकाच कारखान्यातून, एकाच आराखड्यावर, एकाच तऱ्हेच्या डोळ्याने घडलेले चौघे जण एका फुग्याला बॉम्ब समजले, तर चौघेही त्याच फुग्यावर तुटून पडतील. चार चष्मे एकाच नंबरचे असले म्हणून दृष्टी चौपट होत नाही. आणि वरचे अकरा हल्लेखोर आपण फुगे न धरता मोजले होते, हेही लक्षात ठेवा. प्रत्येकाने चारच फुगे आणले तर अकरा हल्लेखोरांचे पंचावन्न ठिपके होतात, आणि चौघांनी एकेक ठिपका पाडायचा म्हटलं तर २२० क्षेपणास्त्रं लागतात. छत्री फाटकी आहे हे एकवेळ चालेल. पण ती उघडल्याच्या भरवशावर माणूस पावसात हिंडायला निघाला, तर भिजण्यापेक्षा वाईट काही घडतं. भरवशाचं संरक्षण आहे असं मानणारा राज्यकर्ता जी धमकी देईल, ती संरक्षण नसलेला देणार नाही.

मला खरा राग आहे तो ‘यशस्वी’ या शब्दावर. सार्वजनिक पैशाने विकत घेतलेला हा सर्वांत महाग शब्द असावा. सुरुवातीच्या चाचण्यांत बॉम्बच्या प्रतिकृतीवर तिचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवलेलं होतं. खुलासा असा की रडार योग्य जागी नव्हतं, म्हणून यंत्राचा उपयोग फक्त सुरुवातीची दिशा ठरवण्यापुरता, शेवटचा नेम यानानेच धरला. मान्य. चोराने घरी येताना फोन करून गल्ली सांगितली, घर मात्र पोलिसांनी स्वतः शोधलं. हल्ल्याची वेळ माहीत, मार्ग माहीत, फुगे किती आणि कसे ते माहीत. पेपरफुटीवर आपल्याकडे निदान चौकशी समिती नेमतात! मे २००७ मध्ये शत्रूचं सोंग घेतलेलं क्षेपणास्त्रच मध्ये कुठेतरी गळपटलं, म्हणून वाचवणारं सोडलंच नाही. त्या दिवसाची नोंद नापास अशी झाली नाही. ‘चाचणी झालीच नाही’ अशी झाली. यश मिळालं की चाचणी, न मिळालं की चाचणीच नाही, या पद्धतीने जगातला कोणताही विद्यार्थी शंभर टक्के मिळवून दाखवेल. बरं, इमारत तरी चाचणीनंतर बांधावी? १९९९ मध्ये कायदा झाला, तंत्रज्ञान शक्य होताच ही व्यवस्था उभारायची. तंत्रज्ञानाला कायद्याने हुकूम देता येतो, हा शोध तेव्हाचा. जानेवारी २००० मध्ये यानाचा डोळा गार ठेवणारी नळी तुंबून शेवटच्या सहा सेकंदांत नेम चुकला. डिसेंबर २००२ मध्ये यान पुन्हा सुटं झालं नाही. तरी जुलै २००४ पासून क्षेपणास्त्रं अलास्काच्या जमिनीत उतरायला लागली. त्यानंतरच्या दोन चाचण्यांत तर क्षेपणास्त्राने जमीनच सोडली नाही. तैनात केलेल्या बनावटीचं क्षेपणास्त्र लक्ष्यावर पहिल्यांदा आदळलं ते सप्टेंबर २००६ मध्ये. मधली दोन वर्षं देश सुरक्षित असल्याचं सांगितलं जात होतं. हे खोटं बोलणं नव्हतं, असं कुणी म्हणत असेल तर त्याने ‘यशस्वी’ या शब्दाची किंमत एकदा रक्तात मोजून बघावी. १९९१ च्या आखाती युद्धात वाचवणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या यशाचे जवळजवळ शंभर टक्क्यांचे आकडे जगाने दूरचित्रवाणीवर ऐकले. नंतरच्या तपासण्यांत ते एकेक पायरी उतरत गेले. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये शंभर तास सलग चालू असलेल्या त्याच संरक्षणाच्या संगणकाच्या घड्याळात सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी चूक साचली होती. तेवढ्यात येणारं क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून पुढे सरकतं. रडारने भलतीकडे पाहिलं, तिथे काही नव्हतं, म्हणून काही सोडलंच नाही. २८ अमेरिकन सैनिक बराकीत मेले. तिथे फुगासुद्धा नव्हता.

आता इस्राएल. या वादात तो आला नाही असं होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये इराणने तीनशेहून अधिक ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली आणि बहुतेक सगळी अडवली गेली. मग अमेरिकेला का जमू नये? जमलं ते खरं आहे आणि ते नाकारणं बालिशपणाचं होईल. पण इस्राएल हा देश आकाराने पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यांच्याहूनही लहान आहे. तिथली बरीचशी संरक्षणं वातावरणाच्या आत काम करतात, जिथे हवा फुग्याला बॉम्बपासून क्षणात वेगळं करते. ड्रोन तर तासन्‌तास येत होते, आणि मदतीला मित्रदेशांची विमानं होती. त्यांत एखादं सुटलं तर विमानतळावर खड्डा पडतो. अण्वस्त्रांत एक सुटलं तर शहर जातं. नव्वद टक्के यश हे रॉकेटच्या बाबतीत वरदान आहे आणि अणुबॉम्बच्या बाबतीत दहातलं एक शहर.

आपल्या मराठी माणसाला यातलं काहीही समजावून सांगायची खरं तर गरज नसावी. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ असं आपण उठता-बसता म्हणतो. कौरवांनी जयद्रथाभोवती दिवसभर जे उभारलं होतं ते राष्ट्रीय संरक्षणच होतं, थरावर थर, प्रत्येक थरावर नामांकित महारथी. ते भेदता येईना. मग सुदर्शन चक्राने सूर्य झाकला, अंधार पडला, सगळं आटोपलं असं समजून जयद्रथ स्वतःच बाहेर आला. आपल्या लोककथेत सुदर्शन चक्राची सर्वांत गाजलेली कामगिरी म्हणजे एक चकवा आहे, आणि तो बचाव करणाऱ्याच्या विरुद्ध वापरलेला आहे. आपल्याकडे २०३५ पर्यंत उभारायच्या संरक्षणाला हेच नाव मिळालं आहे, हा निव्वळ योगायोग समजतो. पण शेजारी काय करतो ते योगायोग नव्हे. आपल्या बचावी क्षेपणास्त्रांच्या चाचण्या २००६ मध्ये सुरू झाल्या, आणि जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने एकाच क्षेपणास्त्रातून अनेक बॉम्ब टाकणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी केली. आपली क्षेपणास्त्रं प्रदेशातल्या वाढत्या बचावातूनही तगावीत म्हणून हे, असं त्यांनीच सांगितलं. ढाल दाखवली की समोरचा भाला टाकून देत नाही, दुसरा घेऊन येतो. साठच्या दशकात सोव्हिएत संघाने मॉस्कोभोवती ६४ बचावी क्षेपणास्त्रं उभी केली. अमेरिकेने १९७० पर्यंत तीन तोंडांची क्षेपणास्त्रं आणली. दोघांनाही हिशेब कळला, म्हणून १९७२ चा करार झाला: बचाव जवळजवळ नाहीच ठेवायचा. कराराने आधी दोन आणि १९७४ पासून एकच जागा ठेवायची मुभा होती, ती अमेरिकेने नॉर्थ डकोटात बांधली, पिरॅमिडच्या आकाराच्या रडारसकट. खर्च सुमारे सहा अब्ज डॉलर. ऑक्टोबर १९७५ मध्ये ती कार्यान्वित झाली आणि काही महिन्यांतच बंद झाली, एक कारण असं की तिच्या क्षेपणास्त्रांवर अणुबॉम्ब होते आणि ते आकाशात फोडले असते तर तिचंच रडार आंधळं झालं असतं. २०१२ मध्ये पिरॅमिडचा लिलाव झाला. ५ लाख ३० हजार डॉलर आले. जून २००२ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली, आणि २०१८ मध्ये रशियाने त्या बाहेर पडण्याचंच नाव घेऊन बचावाला वळसा घालणारी नवी शस्त्रं जाहीर केली.

२०२५ मध्ये अमेरिकेच्या क्षेपणास्त्र-संरक्षणाची नवी योजना म्हणून घुमट आला. आधी लोखंडी म्हणणार होते, मग सोनेरी झाला. गंजाचा प्रश्न मिटला. तेव्हा सांगितलेला आकडा १७५ अब्ज डॉलर, मुदत तीन वर्षांची. यातली मुख्य कल्पना अशी की अवकाशात फिरती क्षेपणास्त्रं ठेवायची आणि शत्रूचं क्षेपणास्त्र जमिनीवरून वर चढत असतानाच, पहिल्या तीन-चार मिनिटांत, मारायचं. का? फुगे बाहेर पडायच्या आधी! म्हणजे होता तर फुगा! पंचवीस वर्षं ज्याचं नाव काढलं की शास्त्रज्ञांना पराभूत मनोवृत्तीचे ठरवलं गेलं, तो फुगा आता नव्या योजनेचं कारण म्हणून सन्मानाने बसला आहे. आणि जुनी योजना चुकीची होती असं मात्र कुणी म्हणायचं नाही, ती चालूच राहणार. कल्पनेत तर्क आहे, हे मी कबूल करतो. पण पृथ्वीजवळ फिरणारी वस्तू एका जागी थांबत नाही, दीड तासात प्रदक्षिणा पुरी करते. नेमक्या त्या तीन मिनिटांत एखादी डोक्यावर असावी म्हणून शेकड्यांनी नाही, हजारांनी वर ठेवाव्या लागतात, आणि काही वर्षांनी त्या खाली येऊन जळतात म्हणून पुन्हा पाठवाव्या लागतात. उत्तर कोरियासारख्या देशाची एक-दोन क्षेपणास्त्रं अडवण्यापुरता हा अवकाशातला भाग वीस वर्षांत १६१ ते ५४२ अब्ज डॉलरला पडेल, असा मे २०२५ मधला एक अधिकृत अंदाज आहे. एक-दोन. तिसऱ्यासाठी वेगळी निविदा.

पुढची चाचणी होईल, मथळ्यात ‘यशस्वी’ असेल, सोबत रात्रीच्या आकाशात पांढरी रेघ ओढणारं सुरेख छायाचित्र असेल. वाचकहो, खालच्या मजकुरात फुगा शोधा. किती होते, कोणत्या आकाराचे, आणि यानाला आधी सांगितलं होतं का. तैनात बनावटीच्या, सप्टेंबर २००६ च्या त्या पहिल्या यशस्वी चाचणीत एकही नव्हता.